दफेदार मास्तरांचा आवाज

दफेदार मास्तरांनी जेवताना मीठ मागितलं, की तीन घरं पलीकडे माझी आई माझ्या पानात मीठ वाढायची. तिचा काही दोष नव्हता. आवाज आला की हात आपोआप मिठाकडे जायचा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या म्हणजे तर त्या घरातला सगळा स्वयंपाक आमच्या केरीला, म्हणजे गल्लीला, तोंडपाठ व्हायचा. आज सारु पातळ झालंय, हुळीत चिंच जास्त पडलीय, कालच्या उरल्या भाताचं चित्रान्न करायला हरकत नाही, हे मास्तर सांगायचे एकट्या बायकोला आणि ऐकायची म्हैसूर संस्थानची अर्धी राजधानी.

त्यांचं खरं नाव सुभानराव माने. पण ते फक्त टपालवाल्याला ठाऊक होतं. आम्हा मराठी घरांना ते दफेदार मास्तर आणि कन्नड शेजाऱ्यांना दफेदार मेष्ट्रु. घराण्याच्या चार पिढ्या संस्थानच्या फौजेत गेलेल्या, त्यामुळे मूल नीट चालायला लागायच्या आधी त्याला घोड्यावर बसवायची रीत. मास्तर महाराजांच्या रिसाल्यात दफेदार झाले, जर्मनीच्या लढाईत जहाजातून थेट मिसर देशाच्या वाळवंटात गेले आणि चार वर्षांनी परत आले. येताना छातीवर एक पदक, ट्रंकेत स्वतः लिहिलेलं पाच अंकी नाटक आणि नरड्यात हा आवाज घेऊन आले. तोफांच्या धडाक्यानं त्यांचे कान गेले, असं केरीचं एकमत होतं. बहिरा माणूस मोठ्यानंच बोलणार, त्यात नवल ते काय?

मास्तरांनी या मताला कधी विरोध केला नाही. उलट कुणी काही बोललं की कानामागं पंजा धरून "काय म्हणालात?" असं ते इतक्या जोरात विचारायचे, की बोलणारा दचकून दोन पावलं मागं सरायचा.

रिसाल्यातून निघाल्यावर ते आमच्या शाळेत कवायतीचे मास्तर झाले. मी तिथं गणित शिकवायचो. कवायतीवर त्यांचं पोट भरायचं, पण मन भरायचं नाही. म्हणून हेडमास्तरांकडून त्यांनी खालच्या वर्गांचा इतिहास मागून घेतला. मागून म्हणजे काय, त्यांनी विनंती केली आणि ती ऐकून हेडमास्तरांच्या टेबलावरची दौत हलली. इतिहासाच्या तासाला मास्तर बाकं आडवी पाडून तट बांधायचे. एकदा हेडमास्तर वर्गाची पाहणी करायला दारात आले, त्याच क्षणी मास्तरांनी "शत्रू दरवाजात!" म्हणून आरोळी ठोकली. त्यानंतर हेडमास्तर खिडकीतूनच पाहणी करायचे.

काहीही सुरू करताना त्यांचा एकच हुकूम असायचा: "रिकिबीत पाय!" प्रार्थना असो, परीक्षा असो, नाहीतर जेवणाची पंगत असो, रिकिबीत पाय. आणि थांबवायचं असलं की "लगाम!" माझा गणिताचा तास त्यांच्याकडे बदली म्हणून गेला, की मुलं पाढेसुद्धा चालीवर म्हणायची. बारापर्यंत दुडक्या चालीनं, पुढं भरधाव. एकोणिसाच्या पाढ्यात निम्मा वर्ग घोड्यावरून खाली पडलेला असायचा. पण खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्यांच्या हातची मुलं पाढ्यात पक्की निघाली, आणि याचा मला बरेच दिवस राग होता.

त्यांच्या बहिरेपणाबद्दल मला पहिल्यापासून थोडी शंका होती. मागच्या बाकावर कुणी तोंडातल्या तोंडात "मेष्ट्रु बंदरु", मास्तर आले, असं पुटपुटलं, तरी मास्तर फळ्याकडे तोंड ठेवून म्हणायचे, "होय, बंदरु. आता गप्प बस कणो." मी मनाशी ठरवून टाकलं की हा सोयीचा बहिरेपणा आहे. बायकोची कटकट ऐकू येऊ नये म्हणून कित्येक नवरे असे बहिरे होतात. पण त्यातही अडचण होती. त्यांची बायको कटकट करायचीच नाही.

कावेरीवहिनी फार कमी बोलायच्या. बेट्टदपुरच्या माहेरची ही गोरी, ठेंगणी बाई नेहमी हसतमुख. कुणी काही सांगितलं की मान डोलवून हसायची. केरीतल्या बायका म्हणायच्या, किती शालीन! आणि मग हळूच पुढं म्हणायच्या, बिचारीला त्या बहिऱ्याबरोबर जन्म काढायचा आहे.

मास्तरांची आणखी एक खोड सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. बायकांच्या बोलण्यात ते नाक खुपसायचे. घराबाहेरच्या जगलीवर, म्हणजे ओट्यावर, पेपर वाचत बसायचे. दारात शेजारीण येऊन वहिनींना म्हणायची, "स्वल्प कढीपत्ता द्याल का?" वहिनी हसायच्या. लगेच पेपराआडून गर्जना, "काय? कढीपत्ता? कढीपत्ता पाहिजे म्हणता?" शेजारीण कपाळाला हात लावायची आणि वहिनी आत जाऊन कढीपत्ता आणायच्या. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सासूचा गुडघा धरला, प्रत्येक बातमी मास्तर कानामागं पंजा धरून एकदा मोठ्यानं विचारून घ्यायचे. पुरुषासारखा पुरुष, पण बायकांच्या चौकशा केवढ्या, असं माझी आईसुद्धा म्हणायची.

आता त्या नाटकाकडे येतो. नाटकाचं नाव 'रणधवल-विजय'. मास्तरांनी ते वाळवंटात तंबूत बसून, घोड्यांच्या चाऱ्याच्या हिशेबाच्या कागदांच्या मागच्या बाजूवर लिहिलं होतं. रणधवल नावाचा राजा, चंपकमाला नावाची राजकन्या, मधे एक दुष्ट सेनापती आणि चारी बाजूंनी वाळू. चौथ्या अंकात राजा प्रेयसीच्या सुटकेला निघण्यापूर्वी आपल्या घोड्याला हुरळी, म्हणजे कुळीथ, किती भिजवून घालावी, यावर पाव तास बोलतो. आम्ही ते कापू या म्हणालो, तेव्हा मास्तर म्हणाले, "घोडा उपाशी ठेवून कोण राजकन्या सोडवणार रे?" भाषण राहिलं.

आमची नाट्यमंडळी हे नाटक दर दसऱ्याला करायची. तेच नाटक, दर वर्षी. एका वर्षी मास्तरांच्या आग्रहाखातर खरा घोडा आणला होता, टांग्याचा. विंगेतून मास्तर गरजले, "चल वीरा, चल!" तो घोडा रणधवलाला घेऊन जो निघाला तो मांडवातून बाहेर पडून टांग्याच्या अड्ड्यावर जाऊन थांबला. रणधवल तिथून मुकुट काखेत मारून चालत परत येईपर्यंत चंपकमालेनं दोन अभंग म्हटले.

नाटकाचा दिवस ठरलेला असायचा, अष्टमी. त्याचंही कारण होतं. युद्धाच्या प्रवेशात मास्तरांना घरोघरच्या खऱ्या तलवारी लागायच्या, आणि नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी तलवारी पूजेला बसल्या की कुणी हात लावायचा नाही. दशमीला महाराजांची स्वारी बन्नीमंटपाकडे निघणार, म्हणजे तो दिवसही गेला. राहता राहिली अष्टमी. पण तोवर मूळ नक्षत्र लागून सरस्वतीपूजा मांडलेली असायची आणि घरातली सगळी पुस्तकं पूजेत बसलेली. ती दशमीपर्यंत उघडायची नाहीत. नाटकाची एकच धड प्रत होती, ती चिटणीस म्हणून माझ्या घरी असायची. तीही पूजेत. म्हणजे तलवारी मिळायच्या, पण पुस्तक नाही. मास्तरांना याची काही फिकीर नव्हती. पाचही अंक त्यांना पाठ होते. प्रॉम्प्टिंग तेच करायचे, पुस्तकाशिवाय, डाव्या विंगेत उभं राहून. ती डावी विंग म्हणजे त्यांची जहागीर होती.

आणि प्रॉम्प्टिंग कसलं! प्रॉम्प्टरनं कुजबुजावं असा जगाचा नियम. मास्तर प्रत्येक वाक्य असं सांगायचे, की ते आधी शेवटच्या रांगेत पोचायचं आणि मग रणधवलाच्या कानात शिरायचं. प्रेक्षकांना नाटक दोनदा ऐकू यायचं, एकदा दफेदारांचं, एकदा नटांचं. याचे परिणाम दोन झाले. नटांनी भाषणं पाठ करणं सोडून दिलं. आणि केरीतल्या कन्नड शेजाऱ्यांना मात्र सगळं नाटक पाठ झालं. आमची फुलवाली, जिला मराठीत पाणी मागता यायचं नाही, ती नवऱ्याशी भांडताना "अधमा, दूर हो माझ्या दृष्टीसमोरून!" असं शुद्ध मराठीत म्हणायची.

असं सुखात चाललं असताना एका वर्षी बातमी आली, की राजवाड्यातले एक बडे अधिकारी यंदा नाटकाला येणार. आमचे अध्यक्ष रामोजीराव, निवृत्त अमलदार, एकदम ताठ झाले. बैठक बोलावली. म्हणाले, "दफेदारांचं ते ओरडणं यंदा बेडा, अजिबात नको. पाहुणे काय म्हणतील? माझे जावई पुण्याहून आलेत. प्रॉम्प्टिंग ते करतील." जावई भास्करराव शेजारीच बसले होते. त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता आणि आमच्या कन्नडमिश्रित मराठीला ते रुमालात हसायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता हे दफेदारांना सांगायचं कुणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चिटणीस कशाला असतो?

मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा कॉफी पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा कॉफी आणि चकली. तिसऱ्यांदा वहिनी आत होत्या, मास्तर जगलीवर एकटे बसून नाटकातल्या मुकुटांना चिंचेनं चकाकी आणत होते. मला ओरडून सांगायचा धीर होईना. मी खाली मान घालून हळूच म्हणालो, "मास्तर, यंदा प्रॉम्प्टिंग भास्करराव करतील."

त्यांचा हात थांबला. कानामागं पंजा गेला नाही, "काय म्हणालात" आलं नाही. ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी मान खाली घालून मुकुटांकडेच बघत होतो.

"वेंकोबा," ते म्हणाले, "दुसरं काय पाहिजे ते काढून घे. नाटकावरचं माझं नाव काढ. ते हुरळीचं भाषण काढ. पण विंग नको काढूस कणो."

हुरळीचं भाषण काढा म्हणजे पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. पण अमलदारांचा हुकूम होता. मी म्हणालो, "तुमच्याकडे बंदोबस्त दिलाय. बायकांच्या बाजूचं दार."

बायका मांडवाच्या डाव्या अंगाला, चिकाच्या पडद्याआड बसायच्या. मास्तरांनी हातातला मुकुट खाली ठेवला. मग म्हणाले, "तिथून रंगभूमी दिसते काय?"

"दिसते."

"सरी," म्हणाले आणि पुन्हा मुकुट घासायला लागले.

अष्टमी आली. दुपारी चारला भास्करराव परीटघडीचा कोट घालून आमच्याकडे आले. "पुस्तक द्या, एकदा नजरेखालून घालतो." मी देवघराकडे वळलो आणि जागीच थिजलो. देव्हाऱ्यापुढं पाटावर पुस्तकांची उतरंड. पंचांग, माझं अंकगणित, आईची पोथी आणि सगळ्यांत वर हळदकुंकवानं माखलेलं 'रणधवल-विजय'. सवयीनं मीच नेऊन ठेवलं होतं. पिढ्यान् पिढ्या या गावात राहिलेली आम्ही सात शहाणी माणसं बैठकीत बसलो होतो, आणि अष्टमीला पुस्तक उघडत नाहीत हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आजवर कधी पुस्तक लागलंच नव्हतं ना!

"अहो, घ्या उचलून," भास्करराव म्हणाले. "नाटकाचं तर पुस्तक आहे."

आई पदर खोचून देवघराच्या दारात उभी राहिली. "अक्षता पडल्यात त्यावर. दशमीला उठेल ते. दशमीला या."

"दशमीला येऊन काय करू?"

"सोनं द्या, सोनं घ्या, फराळ करा," आई म्हणाली. विषय संपला.

पाच वाजता पडदा उघडला. बडे पाहुणे पहिल्या रांगेत, शेजारी अमलदार. डाव्या विंगेत भास्करराव रिकाम्या हातांनी उभे. पहिला प्रवेश पुण्याईवर निघाला. दुसऱ्या प्रवेशात आमचा रणधवल, म्हणजे टपाल कचेरीतला गुंडुराव, छाती काढून पुढं आला आणि म्हणाला, "प्रिये चंपकमाले!" आणि थांबला. सवयीनं विंगेकडे कान केला. विंगेतून भास्कररावांनी दोन्ही हात हलवले. गुंडुराव पुन्हा म्हणाला, "प्रिये!" चंपकमाला म्हणाली, "नाथ!" ही चंपकमाला म्हणजे बाजारातला शिंपी. तिलाही पुढचं ठाऊक नव्हतं. असं चार वेळा प्रिये आणि चार वेळा नाथ झालं. शेवटी रणधवल राजा घामाघूम होऊन विंगेला म्हणाला, "अय्यो, येनु हेळबेकु? काय बोलू रे?" मांडवात हशा उसळला. अमलदारांच्या पगडीखालून घामाची धार लागली.

आणि तेवढ्यात चिकाच्या बाजूनं तो आवाज आला.

"प्रिये चंपकमाले, या वाळवंटात तुझ्या डोळ्यांखेरीज मला दुसरं पाणी ठाऊक नाही!"

अख्खा मांडव वळून बघायला लागला. गुंडुरावानं ओळ झेलली. चंपकमालेची ओळ आली, तिनं झेलली. नाटक पळायला लागलं. अमलदारांनी मला खूण केली, जा, गप्प करा त्यांना. कशाला गप्प करायचं हे मला कळेना, पण मी मागच्या अंगानं गेलो.

चिक एका बाजूनं थोडा वर केलेला होता. कडेच्या खांबाशी कावेरीवहिनी बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढं, जुन्या रिसाल्याच्या गणवेशात, मास्तर एका गुडघ्यावर बसले होते. त्यांची रंगभूमीकडे अर्धवट पाठ होती. ते नटांना सांगतच नव्हते. प्रत्येक वाक्य ते वहिनींच्या तोंडाकडे बघून, वहिनींना सांगत होते. वहिनी एकदा रंगभूमीकडे बघायच्या, एकदा त्यांच्या ओठांकडे. सेनापती अडखळून पडला तेव्हा त्या टाळ्या वाजवून लहान मुलीसारख्या हसल्या. मी "मास्तर" म्हणायला तोंड उघडलं ते तसंच मिटलं.

अंक पडल्यावर मास्तर मला मांडवामागं करंजाच्या झाडाखाली घेऊन गेले. तिथं ते बोलले, आणि मी चकित झालो. इतक्या वर्षांत त्यांचा साधा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. छान होता. थोडा घोगरा.

"तिला ऐकू येत नाही, वेंकोबा. कुणाला बोलू नकोस."

"आणि तुम्हाला?"

"मला? मुंगी शिंकली तरी ऐकू येतं कणो."

मग त्यांनी सांगितलं. ते मिसरात असताना वहिनी माहेरी बेट्टदपुरला होत्या. तिथं दोन वर्षांनी ताप आला. महिना दीड महिना अंथरुणात होत्या. ताप गेला तो कान घेऊन गेला. वहिनींनी ते कुणाला कळू दिलं नाही. पत्रातही लिहिलं नाही. लढाईवरच्या माणसाला कशाला घोर? "मी आलो. ही दारात उभी, हसते आहे. मी बोलतो, ही हसते. उत्तर नाही. मला वाटलं, चार वर्षं टाकून गेलो म्हणून रुसली. दोन दिवस मनधरणी केली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. ही पाठमोरी उभी होती, आणि मी परेडवर ओरडतो तसा ओरडलो हिच्या नावानं. गर्रकन वळली. 'अहो, ऐकू आलं!' म्हणाली आणि रडायला लागली. दोन वर्षांत तिच्या कानात गेलेलं पहिलं माणूस मी."

मी म्हणालो, "मग सांगायचं ना लोकांना. आम्ही तुम्हाला बहिरं समजून केवढी चेष्टा केली."

"करू दे. बहिऱ्या दफेदाराला लोक लढाईचा मान देतात. बहिऱ्या बाईला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे, अल्लवा? तोंडावर हसतात, पाठीमागं नकला करतात. म्हटलं, या घरात एक बहिरा पाहिजे ना? मग तो मी." मग कपडे झटकत म्हणाले, "वर्षभर ती या नाटकाची वाट बघते. हळू सांगितलं तर तिला काय दिसणार? नुसती तोंडं हलताना. चल, दुसरा अंक. रिकिबीत पाय!"

नाटक कसं झालं म्हणता? बड्या पाहुण्यांनी जाताना अमलदारांना सांगितलं, की पहिल्या प्रवेशात जरा कंटाळा आला, पण तो मागचा आवाज सुरू झाल्यावर मजा आली, तो आधीपासून का नव्हता? दुसऱ्या दिवशी अमलदार स्वतः नारळ घेऊन मास्तरांच्या दारात गेले. भास्करराव पुण्याला निघून गेले आणि तिथं त्यांनी आमच्याबद्दल काय सांगितलं असेल ते सांगू शकत नाही, पण कल्पना करू शकतो.

त्यानंतर अकरा वर्षं मी ते गुपित सांभाळलं. बैठकीत कुणी आवाजाची तक्रार केली, की मीच म्हणायचो, "बहिरा माणूस, त्याला काय करणार? आता तर फारच बहिरे झालेत." मास्तर कोपऱ्यात बसून पंजा कानामागं धरायचे आणि "काय म्हणालास?" विचारायचे, आणि त्यांचे डोळे हसायचे. खोटं बोलण्यात इतका आनंद मला आयुष्यात कधी मिळाला नाही.

कावेरीवहिनी गेल्या त्या एका श्रावणात, चार दिवसांच्या दुखण्यानं. केरी एकदम शांत झाली. मास्तर बोलायचे, पण त्या घरातून काही ऐकू यायचं नाही. दिवसकार्य उरकल्यावर माझ्यानं राहवलं नाही, मी आईला सगळं सांगून टाकलं. वहिनींचे कान, मास्तरांचं सोंग, सगळं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"ते लढाईवरून आले त्या सालापासून. केरीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे रे. बाईचं काही बाईपासून लपतं का? आम्ही मुद्दाम जगलीवर त्यांच्यासमोरच तिच्याशी बोलायचो, म्हणजे ते ओरडून तिला कळवायचे. ते एवढं जीव तोडून लपवत होते, मग आम्ही तरी कशाला दाखवू?" मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

दसरा आला. यंदा नाटक राहू द्या, असं आम्ही मास्तरांना म्हणालो. ते म्हणाले, नाटक होणार. अष्टमीला ते डाव्या विंगेत येऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी थांबलो. गुंडुराव, आता पोट सुटलेला, दुसऱ्या अंकात नेहमीप्रमाणे अडकला आणि विंगेकडे कान केला. मास्तरांनी ओळ सांगितली. पण इतक्या हळू सांगितली, की हातभर अंतरावर असून मलाच शब्द कळले नाहीत. प्रॉम्प्टरनं सांगावी तशीच, अगदी रीतीप्रमाणे. गुंडुराव गोंधळून दोन पावलं जवळ आला. मांडवात चुळबुळ सुरू झाली. मास्तरांनी पुन्हा सांगितली, पुन्हा तशीच हळू. मोठ्यानं आता कुणासाठी सांगायची, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

तेव्हा चिकाआडून माझ्या आईचा आवाज आला. परपुरुषासमोर कधी चढ्या आवाजात न बोललेली माझी आई.

"दफेदार! आम्हा बायकांना ऐकू येत नाही. जोरात सांगा!"

पाठोपाठ फुलवाली ओरडली, "जोरागि हेळी, मेष्ट्रे!" आणि मग चिकाच्या आतून एकामागून एक, म्हाताऱ्या, तरण्या, सुना, लेकी, सगळ्याच म्हणायला लागल्या, ऐकू येत नाही, ऐकू येत नाही.

मास्तर चिकाकडे बघत राहिले. त्यांना काय कळलं आणि किती कळलं, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी गणवेशाची वरची गुंडी सोडली, छाती भरून घेतली आणि ती ओळ सांगितली. मांडवाच्या कनातीवर बसलेले कावळे उडाले. गुंडुरावाला ओळ मिळाली होती, तरी तो बोलला नाही, नुसता उभा राहिला. आत बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मास्तर पुढची ओळ सांगत होते.